जिना, सापसुरळी आणि जमाखर्च

ऑक्टोबर

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत ऑक्टोबर हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो. १९८७ साली लंडनमध्ये तो सुरू झाला, घानाहून आलेल्या अकयाबा अडाई-सेबो यांच्या पुढाकाराने. ऑक्टोबर निवडण्यामागे एक व्यवहारी विचारही होता: शाळा-कॉलेजं नुकतीच उघडलेली असतात, मुलांची डोकी ताजी असतात, परीक्षा लांब असतात.

अमेरिकेत हेच फेब्रुवारीत. कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये एका आठवड्यापासून सुरुवात केली. वुडसनचे आईवडील गुलामीत वाढलेले. स्वतः वुडसन कोळशाच्या खाणीत राबले, उशिरा शिकले आणि १९१२ मध्ये हार्वर्डचे डॉक्टर झाले. आठवड्याचा महिना झाला तो ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात, १९७० मध्ये. तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने तो लावून धरला होता. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली १९७६ मध्ये. विद्यापीठांतल्या बऱ्याच सुधारणांचा क्रम असाच दिसतो: आधी विद्यार्थी, मग कार्यालय, सगळ्यात शेवटी सरकार.

नाकारलेला अर्ज

या महिन्याबद्दल वाचताना मी ग्लासगोपाशी अडकलो, ते जेम्स मॅक्यून स्मिथमुळे. जन्म १८१३, न्यूयॉर्क. आई गुलाम, म्हणून मुलगाही गुलाम; राज्याच्या कायद्याने १८२७ मध्ये मोकळा झाला. शिकला आफ्रिकन फ्री स्कूलमध्ये. १८२४ साली फ्रेंच सेनानी लाफायेत शाळा बघायला आला, तेव्हा स्वागताच्या भाषणाला अकरा वर्षांच्या जेम्सलाच उभं केलं होतं.

पोरगा हुशार होता याबद्दल कोणालाच शंका नव्हती. तरी कोलंबिया कॉलेजने दार बंद केलं, न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हाच्या वैद्यकीय कॉलेजनेही. कारण रंग. मग काही कृष्णवर्णीय धर्मगुरू आणि हितचिंतक पुढे झाले, पैसा उभा राहिला आणि १८३२ मध्ये जेम्स अटलांटिक ओलांडून ग्लासगोला पोचला. १८३५ ला बी.ए., १८३६ ला एम.ए., १८३७ ला एम.डी. वैद्यकाची विद्यापीठीय पदवी मिळवणारा हा पहिला आफ्रिकन-अमेरिकन.

परतीच्या प्रवासासाठी ठरवलेल्या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाने त्याला घ्यायला नकार दिला. खिशात तीन पदव्या होत्या, पण कप्तानाने पाहिला तो चेहरा.

जिना

जेम्स ज्या कॉलेजात शिकला ते आता नाही. ग्लासगो विद्यापीठ तेव्हा हाय स्ट्रीटवर होतं. १८७० मध्ये ते गिलमोरहिलच्या टेकडीवर गेलं आणि जुनी जागा रेल्वेच्या मालधक्क्यासाठी गेली. जुन्या कॉलेजातलं थोडंसंच वाचलं. त्यात एक दगडी जिना आहे, १६९० चा. कठड्याच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा. दगड न् दगड सोडवून तो टेकडीवर आणला आणि पुन्हा जोडला.

त्याच टेकडीवर आता जेम्स मॅक्यून स्मिथ लर्निंग हब आहे. २०२१ मध्ये उघडलं, खर्च सुमारे ९ कोटी पौंड, एका वेळी अडीच हजार विद्यार्थी मावतील एवढं. नाव द्यायला विद्यापीठाने बाजूची खोली किंवा एखादं दालन शोधलं नाही. रोजच्या वहिवाटीची, मोठ्या रस्त्यावरची इमारत दिली, हे मला आवडलं. व्याख्यानाला उशीर झालेला पोरगाही मित्राला "मॅक्यून स्मिथमध्ये ये" असं सांगणार.

वेड्यांची मोजणी

न्यूयॉर्कला परतल्यावर डॉ. स्मिथने दवाखाना आणि औषधांचं दुकान काढलं. कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या आश्रमाचा डॉक्टर म्हणून वीसेक वर्षं काम केलं. पण मला त्याचं सर्वांत आवडलेलं काम आकड्यांचं आहे.

१८४० च्या अमेरिकन जनगणनेतून एक निष्कर्ष काढला गेला: उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी जास्त. गुलामीच्या समर्थकांना आयतं कोलीत मिळालं. स्वातंत्र्य यांना झेपत नाही, बघा सरकारी आकडे! स्मिथ तक्ते घेऊन बसला. काही गावांत वेड्या कृष्णवर्णीयांची संख्या तिथल्या एकूण कृष्णवर्णीयांपेक्षा जास्त भरत होती. काही गावांत तर एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता, तरी वेडे मात्र नोंदलेले. त्याने हे उघडं पाडलं आणि १८४४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपर्यंत निवेदन गेलं. जनगणना काही दुरुस्त झाली नाही.

आजच्या विद्यापीठात समतेवरची बैठक आकडेवारीने सुरू होते आणि आकडेवारीनेच संपते. तिथे स्मिथचा फोटो लावण्यापेक्षा त्याची सवय लावून घेतली तर बरं: रकाना कोणी भरला, कशासाठी भरला, आणि एकूण संख्येशी तो जुळतो का.

कोलंबिया, पुढे

ज्या कोलंबियाने स्मिथला घेतलं नाही, तिथेच १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर दाखल झाले. मधे ऐंशी वर्षं गेली होती. दोन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या खात्यावर आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. कोलंबियाने गुलामगिरीशी असलेल्या आपल्या जुन्या संबंधांचा पहिला अहवाल २०१७ मध्ये काढला. इतिहासकार एरिक फोनर त्या कामाच्या पुढे होते.

आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांकडे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या वतीने एक अर्ज गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्याच्या प्रती हव्या होत्या. ड्यू बॉइसनी त्याच वर्षी जुलैच्या अखेरीला उत्तर दिलं. आंबेडकरांचं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं. हार्वर्डचा पहिला कृष्णवर्णीय डॉक्टरेट आणि कोलंबियात शिकलेला महार समाजातला विद्वान यांच्यातला हा पत्रव्यवहार मागणीअर्जाच्या कागदांबद्दल आहे, म्हणून तो मला अधिक खरा वाटतो. दोघांनाही कौतुकापेक्षा मसुदा हवा होता.

दोन्ही हात

ग्लासगोने १७९१ मध्ये विल्यम विल्बरफोर्सला मानद पदवी दिली, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढतो म्हणून. त्याआधी फ्रान्सिस हचिसन, अॅडम स्मिथ, जॉन मिलर हे तिथले प्राध्यापक गुलामगिरीविरुद्ध लिहून-बोलून गेले होते. विद्यापीठाला अभिमान वाटावा अशीच ही यादी.

आणि त्याच काळात त्याच शहरातले तंबाखू-साखरेचे व्यापारी देणग्या देत होते, शिष्यवृत्त्या ठेवत होते, मृत्युपत्रांत विद्यापीठाचं नाव घालत होते. व्हर्जिनियाची तंबाखू, जमैकाची साखर. दोन्ही गुलामांच्या घामावर. गिलमोरहिलची टेकडीसुद्धा आधी रॉबर्ट बोगल नावाच्या वेस्ट इंडिज व्यापाऱ्याची मालमत्ता होती. एका हाताने निषेधाचा ठराव, दुसऱ्या हाताने पावती. यात कोणाला लपवाछपवी करावी लागली नाही. दोन्ही हात एकमेकांना ओळखत नसल्यासारखे वागले, एवढंच.

जमाखर्च

सप्टेंबर २०१८ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने स्वतःचा जमाखर्च छापला. स्टीफन मलेन आणि सायमन न्यूमन या इतिहासकारांनी देणगीदारांच्या याद्या, मृत्युपत्रं, शिष्यवृत्त्यांची कागदपत्रं तपासली. कोणाचा पैसा कुठल्या मळ्यातून आला याचा माग काढला. ब्रिटनमध्ये इतक्या तपशिलाने असं करणारं हे पहिलंच विद्यापीठ, असं मानलं जातं.

निष्कर्षाचा आकडा गमतीचा आहे. गुलामगिरीतून आलेल्या देणग्यांची आजची किंमत १ कोटी ६७ लाख पौंड ते १९ कोटी ८० लाख पौंड! एवढी मोठी दरी का? जुन्या पौंडाची आजची किंमत काढायच्या रीती वेगवेगळ्या. बाजारभावाने काढा, लहान आकडा येतो. मजुरीच्या किंवा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या प्रमाणात काढा, तोच आकडा कित्येक पट फुगतो. अहवाल लिहिणाऱ्यांनी सोयीचा एकच आकडा न निवडता दोन्ही टोकं छापली. हिशेबनीसाचा प्रामाणिकपणा तो हाच.

२ कोटी

मॅक्यून स्मिथ ग्लासगोत शिकत असतानाच, १८३३ मध्ये, ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्यात भरपाईची तरतूद होती: २ कोटी पौंड. मिळाले मालकांना. ज्यांना राबवलं त्यांना छदामही नाही; उलट त्यांना आणखी काही वर्षं 'उमेदवार' म्हणून त्याच मळ्यांत फुकट राबवलं. या भरपाईपोटी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला. म्हणजे गुलामांचे वंशजही तोवर करातून ते फेडत होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने वेस्ट इंडिज विद्यापीठाशी करार केला. वीस वर्षांत २ कोटी पौंड उभे करायचे. दोघांनी मिळून कॅरिबियनच्या विकासावर, आरोग्यावर संशोधन करायचं. वेस्ट इंडिज विद्यापीठाच्या वतीने कुलगुरू हिलरी बेकल्स होते. भरपाईच्या मागणीवर आयुष्यभर लिहीत आलेले इतिहासकार. त्या विद्यापीठाचा जमैकातला मोना इथला परिसर पूर्वीच्या उसाच्या मळ्यांवर वसला आहे. मळ्याला पाणी आणणाऱ्या जुन्या दगडी पाटाच्या कमानी अजून तिथे उभ्या आहेत.

आकडा तोच, २ कोटी. तेव्हाचे २ कोटी आणि आताचे २ कोटी यांतला फरक मात्र त्याच अहवालातल्या रीतीने कोणीही काढून बघावा.

सापसुरळी

ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात एका बरणीत एक प्राणी होता. जमैकन जायंट गॅलीवास्प. दिसायला आपल्या सापसुरळीसारखा, पण चांगला हातभर लांब. १८५० च्या दशकात जमैकातून आणलेला. जात आता नामशेष मानतात. जमैकात याबद्दल एक समजूत आहे: हा चावला की माणूस आणि प्राणी दोघांनी पाण्याकडे धाव घ्यायची, जो आधी पोचेल तो जगेल.

नामशेष होण्याचं मुख्य कारण मुंगूस. उसाच्या शेतात उंदीर फार झाले म्हणून एका मळेवाल्याने १८७२ मध्ये मुंगसं आणवली, आणि ती आणवली भारतातून! मुंगसांनी उंदीर खाल्ले, मग जमिनीवर जे जे सरपटत होतं तेही खाल्लं.

एप्रिल २०२४ मध्ये विद्यापीठाने ती बरणी जमैकाला परत केली. सोन्याची मूर्ती नाही, राजमुकुट नाही. एका मेलेल्या सरड्यासाठी दोन देशांचे लोक समारंभाला जमले. हसू येऊ शकतं. पण ज्या बेटावर ती जात संपली, तिथल्या अभ्यासकाला ती बघायला ग्लासगोचं तिकीट काढावं लागत होतं, हे ध्यानात घेतलं की हसू ओसरतं.

गैरहजर रेक्टर

स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत रेक्टर नावाचं पद आहे. ग्लासगोत त्याची निवडणूक विद्यार्थी करतात. १९६२ मध्ये ग्लासगोच्या विद्यार्थ्यांनी अल्बर्ट लुथुली यांना निवडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते, शांततेचं नोबेल मिळालेले, आणि सरकारने आपल्याच जिल्ह्यात डांबून ठेवलेले. येता येणार नाही हे ठाऊक असूनच मतं पडली. १९८७ मध्ये विद्यार्थ्यांनी विनी मंडेला यांना निवडलं.

आपल्याकडे विद्यार्थी निवडणुकीत जो सगळ्यात जास्त दिसतो तो निवडून येतो. इथे न दिसणाऱ्याला निवडून एका सरकारला डिवचलं होतं.

पत्ता

शहराचाही एक डाव. १९८६ मध्ये ग्लासगो महापालिकेने सेंट जॉर्जेस प्लेसचं नाव बदलून नेल्सन मंडेला प्लेस केलं. दक्षिण आफ्रिकेची वाणिज्य वकिलात तिथेच होती. म्हणजे ज्या सरकारने मंडेलांना तुरुंगात टाकलं होतं, त्याच्या वाणिज्य वकिलातीच्या पत्त्यातच मंडेला येऊन बसले. मंडेला सुटल्यावर १९९३ मध्ये स्वतः शहरात आले.

तंबाखूवाल्या व्यापाऱ्यांची नावं मात्र रस्त्यांवर आहेत: ग्लासफर्ड, ब्युकॅनन, इन्ग्रॅम. जमैका स्ट्रीटही आहे, व्हर्जिनिया स्ट्रीटही. शहराच्या मध्यभागातून पायी एक फेरी मारली की देणारे-घेणारे दोघेही पाट्यांवर भेटतात.

निम्मे

फेब्रुवारी २०२१. हबचं उद्घाटन व्हायचं होतं त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठाने आपल्याच घरातल्या वंशभेदाची पाहणी प्रसिद्ध केली. अल्पसंख्य वंशांच्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी सांगितलं की शिकायला आल्यापासून वंशावरून आपला छळ झाला आहे. कुलगुरूंनी माफी मागितली.

अहवाल आणि करार करून झाल्यावरचा, इमारत उघडायच्या बेतात असतानाचा हा आकडा आहे. काहींना यात ढोंग दिसेल. मला वेगळं दिसतं. ज्या विद्यापीठाने दोनशे वर्षांपूर्वीची पावती शोधून काढली, त्याला चालू वर्षाचंही खातं उघडावं लागलं. मागचं खातं एकदा उघडलं की आजचं झाकून ठेवणं अवघड होतं, आणि सगळ्या उद्योगाची खरी किंमत इथे वसूल होते.

पदवीचा वर्ग

ब्रिटिश विद्यापीठांची संघटना आणि विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये एक अहवाल काढला. वरच्या दोन वर्गांत उत्तीर्ण होणाऱ्यांत गोरे विद्यार्थी आणि अल्पसंख्य वंशांचे विद्यार्थी यांच्यात १३ टक्क्यांचा फरक. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत त्याहून जास्त. प्रवेशाच्या वेळचे गुण सारखे असलेल्यांची तुलना केली तरी फरक पुरता जात नाही. म्हणजे "आधीच कच्ची होती" ही सबब चालत नाही. जे काही होतं ते आत आल्यावर होतं. प्राध्यापकांकडे पाहिलं तर ब्रिटनमध्ये पूर्ण प्राध्यापकपदावरचे कृष्णवर्णीय शेकड्याला एकाच्या आसपास.

१८४० च्या जनगणनेचा निष्कर्ष असाच गळी उतरला होता. दोष मोजणाऱ्यात शोधायचा की मोजल्या जाणाऱ्यात, हा प्रश्न तेव्हाही टाळला गेला.

कांस्य

२०१६ पासून ब्रिटनमध्ये वांशिक समतेची सनद आहे. विद्यापीठाने स्वतःची आकडेवारी गोळा करायची, स्वतःचं परीक्षण लिहायचं, कृती-आराखडा द्यायचा. मग कांस्य किंवा रौप्य मानांकन. ज्यांनी आपल्याकडे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली तयार केल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. फाईल जाडजूड होते, कॉरिडॉरला रंग लागतो, समिती चहा पिऊन जाते.

तरीही फाईल हवीच. तोंडी सदिच्छेचा पाठपुरावा करता येत नाही. लिहिलेल्या आराखड्यावर पुढच्या वर्षी बोट ठेवता येतं. अडचण एकच: आराखडा बनवायचं काम बहुतेक वेळा त्याच मूठभर कृष्णवर्णीय प्राध्यापकांच्या गळ्यात पडतं. ते बिचारे समित्यांवर बसतात, मग संशोधनाला वेळ उरत नाही, मग बढती अडते.

अर्पणपत्रिका

स्मिथ कायद्याने मोकळा झाला १८२७ मध्ये. जोतीराव फुल्यांचा जन्म त्याच वर्षीचा. स्मिथ १८६५ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. अमेरिकेतली गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती अवघ्या काही आठवड्यांनी पक्की झाली. १८७३ मध्ये फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली.

त्या 'लोकांत' फुल्यांच्या मनात गोरे सुधारकच अधिक असणार. स्मिथ, त्याचा लढ्यातला सहकारी फ्रेडरिक डग्लस ही नावं पुण्यात कितपत पोचली असतील? डग्लसच्या १८५५ च्या आत्मचरित्राला प्रस्तावना स्मिथचीच. लढ्याचं श्रेय देताना लढलेल्यांचीच नावं गळतात, आणि ती परत भरायला असा एखादा महिना लागतो.

नामांतर

नावाचा विषय निघाला की मराठी माणूस तेव्हाच्या औरंगाबादकडे वळतोच. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला. दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'मराठवाडा' कायम ठेवून. ग्लासगोत पाटी लागताना कोणाचं घर जळलं नाही. म्हणून आपण मागे, ते पुढे, असं मी म्हणणार नाही. नावाला जिथे इतका विरोध होतो तिथे नावाने बरंच काही बदलणार असतं, हे विरोध करणाऱ्यांनाच पहिल्यांदा कळलेलं असतं. जिथे पाटी अलगद लागते तिथे पुढचं काम लोकांना आपणहून करावं लागतं.

२०३९

ग्लासगोचा करार वीस वर्षांचा, म्हणजे २०३९ पर्यंत. २०१९ मध्ये अठराव्या वर्षी दाखल झालेली मुलगी तेव्हा अडतीस वर्षांची असेल. कदाचित तिथेच शिकवत असेल, प्राध्यापकपदाच्या उंबरठ्यावर. त्या ऑक्टोबरमध्ये भाषणं होतील, जेवण असेल, संगीतही असेल, आणि असावंच. जयंतीला गोडधोड करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यावर नाक मुरडू नये. पण त्याच दिवशी चार कागद टेबलावर असावेत: २ कोटींपैकी किती जमले आणि कुठे खर्चले, पदवीच्या वर्गातला फरक किती उरला, किती विद्यार्थी अजून छळाची तक्रार करतात, आणि तिच्यासारख्या किती जणी प्राध्यापक झाल्या. हे कागद मागायला तिने कोणाची परवानगी घेऊ नये. मॅक्यून स्मिथने सिनेटला निवेदन धाडलं तेव्हा त्याला तरी कोणी बोलावलं होतं?